रसायन दिवाळीनंतर

यज्ञेश्वरबाबूंनी तमन्नाचा सतरा नंबरचा फॉर्म भरला तो इतक्या मायेनं भरला, की पोरीचं अख्खं पुढलं आयुष्यच वेगळ्या रुळावर जायची पाळी आली.

सतरा नंबर म्हणजे शाळा सुटलेल्यांनी घरी अभ्यास करून बाहेरून दहावीला बसण्याचा फॉर्म. तो भरायचा तर घाटंजीत एकच माणूस. यज्ञेश्वरबाबू एका शाळेत चौतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झाले होते, आणि हाताला फॉर्माची इतकी सवय होती, की निवृत्तीनंतर पहिले सहा महिने ते वर्तमानपत्रातलं शब्दकोडंसुद्धा तीन प्रतींत सोडवत, असं त्यांच्या पत्नी प्रभावतीबाई म्हणत. मग लोक यायला लागले. रेशनकार्ड, जातीचा दाखला, विहिरीचा अर्ज, नाव बदलल्याचं प्रतिज्ञापत्र. बाबू चहा पाजून फुकट भरून देत. अर्धं घाटंजी सरकारदरबारी पोचलं होतं ते त्यांच्या निळ्या शाईच्या, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात.

तर वाहिदमिस्त्री पोरीचे कागद घेऊन आला, बाबूंच्या हाती दिले आणि "बाबूजी, मशीन उघडी टाकून आलो" म्हणून उभ्या उभ्या निघून गेला. बाबूंनी चष्मा पुसला. पोरगी घरी शिकते. घरात प्रयोगशाळा नाही, मास्तर नाही, बाप जिनिंगमध्ये फिटर. विषयांच्या रकान्याशी आल्यावर बाबूंचं मन भरून आलं. बाहेरून बसणाऱ्यांना तेव्हा 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' याच्याऐवजी एक सोपा विषय घेता येई: शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र आणि गृहशास्त्र. आहारात काय असावं, माशा कशा टाळाव्यात, कपड्यावरचा शाईचा डाग कसा काढावा. प्रयोगाची कटकट नाही. बाबूंनी तिथं छान टपोऱ्या अक्षरात गृहशास्त्र लिहिलं, फॉर्म स्वतः चालत जाऊन परीक्षेच्या केंद्रशाळेत दिला, आणि एक पोरगी पास केल्याच्या समाधानात दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पोरीला विचारावं, असं काही त्यांच्या मनात आलं नाही. फॉर्म भरताना कुणाला विचारायचं असतं, हेच चौतीस वर्षांत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

उपकार सांगितल्याशिवाय त्यांना पचत नसे. पुढच्या आठवडी बाजारात वाहिद कांदे निवडत बसलेला दिसला, तसे ते त्याच्याजवळ उकिडवे बसले.

"मिस्त्री, तुमचं काम फत्ते. विज्ञान काढून टाकलं."

वाहिदच्या हातात कांदा होता. त्यानं तो सगळ्या बाजूंनी पाहिला. "काढून टाकलं मंजे?"

"म्हणजे त्याच्या जागी सोपं दिलं. गृहशास्त्र. घरीच तर आहे सगळं! भाभी शिकवतील. डोळे मिटून पास होते पोरगी."

वाहिद रागावला असता तर बाबूंना बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाला समजावण्याचा त्यांना मोठा अनुभव होता. पण वाहिदनं कांदा परत ढिगावर ठेवला, हात झटकले आणि म्हणाला, "घरी चला बाबूजी. एक दाखवतो."

आता हा वाहिद कोण, ते सांगितलं पाहिजे.

वाहिद जिनिंगचा फिटर होता. कापसातून सरकी वेगळी करून रुई काढणारी जी मशीन असते, तिच्यात चामड्याचे रोलर आणि पोलादी सुऱ्या असतात. रोलर आणि सुरीमधलं अंतर केसभर चुकलं, तर रुईत सरकी फुटते आणि व्यापारी तोंड वाकडं करतो. ते केसभर अंतर वाहिदच्या बोटांना कळे. अंगानं वाळका, कानावर पेन्सिल, डाव्या अंगठ्याचं नख एका मशीननं फार पूर्वी ठेवून घेतलेलं. बोलणं कमी. मशीन बिघडली की मालक, मुनीम, हमाल सगळे भोवती उभे राहून बोलत, आणि वाहिद त्यांचं संपेपर्यंत हात पुसत बसे. मग एक चादर अंथरी, एकेक भाग खोली आणि खोलल्या क्रमानं डावीकडून उजवीकडे मांडत जाई. मध्ये कुणी वॉशर उचलून पाहिला की तेवढं मात्र ओरडे. "खोलाले कोनीबी खोलते," असं तो म्हणे, "बसवताना उलटं जा लागते. चादर बिघडली, का माणूस बसला डोक्याले हात लावून."

त्या सालांत कापसाचं काही खरं नव्हतं. पूर्वी दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग जिनिंगच्या फाटकापासून बाजारापर्यंत जाई; आता ती फाटकातच संपे. चोवीस मशिनींपैकी आठ फिरत, बाकीच्यांवर चिमण्या. मोठ्या शहरांतून पत्रकार येत, चौकात चहा पीत, मान हलवत आणि गावाचं नाव चुकीचं छापत. एक जिनिंग तर हंगामाच्या ऐन मध्यावर बंद पडली, ती नेमकी वाहिदची. तेव्हा तो बायको मलिकाला आणि तमन्नाला घेऊन मेहुण्याकडे फुलसावंगीला गेला, पाण्याचे पंप आणि पिठाच्या गिरण्या दुरुस्त करत राहिला. वर्षानं घाटंजीत परत काम लागलं. ह्या जाण्यायेण्यात तमन्नाचं नववीचं नाव शाळेतून कटलं. परत घालायचं तर पुन्हा नववी.

"पुन्हा काहून?" तमन्नानं विचारलं होतं. पोरगी बापासारखीच, शब्द मोजून वापरणारी. "मले नववी येते."

वाहिदनं तिचं पुस्तक घेऊन कुठलंही पान उघडलं, विचारलं. येत होतं. "मंग दहावी घरी," तो म्हणाला. पण तमन्नाचं बोलणं संपलं नव्हतं. तिला पुढं कॉलेजात जायचं होतं. सायन्सला. यवतमाळला.

मलिका चुलीपाशी होती. ती म्हणाली, "सायन्स मंजे इंग्रजीत राहते ना वो?" वाहिदनं पुस्तक मिटून तमन्नाला परत दिलं.

इथपर्यंत बाबूंना काहीच ठाऊक नव्हतं. ते वाहिदच्या मागोमाग त्या दोन खोल्यांत शिरले, आणि समोरच्या भिंतीकडे पाहून ते चपला काढायलाच विसरले.

रुईच्या गाठीला गुंडाळतात तसलं जाडं कापड भिंतभर ताणलं होतं. त्यावर गाठींवर नंबर टाकायच्या काळ्या शाईनं वरपासून खालपर्यंत लिहिलेलं. सगळ्यात वर 'बारावी फिजिक्स, पान ४१'. तिथून बाण निघून खाली, खाली, फांद्या फुटत, पार जमिनीजवळ 'सहावी, अपूर्णांक, छेद समान करणे'. डाव्या कडेला मुदती: पोळ्यापर्यंत. रमजान, फक्त उजळणी. मशिनी सुरू व्हायच्या आत. संक्रांत. होळी.

"हे काय आहे?"

"तमन्नाची मशीन," वाहिद म्हणाला.

त्यानं काय केलं होतं, ते बाबूंना हळूहळू उमजलं. दोन वर्षांपूर्वी, सायन्सचं ते बोलणं झाल्यावर, हा माणूस यवतमाळला जाऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानातून बारावीचं फिजिक्स घेऊन आला. स्वतः आठवी. इंग्रजी अक्षरं वाचता येत, ती मशिनींच्या पाट्यांवरून. पण गंमत अशी, की पुस्तकातले कितीतरी शब्द त्याचे रोजचे निघाले. शाळेतल्या पुस्तकातलं 'घर्षण' त्याला परकं होतं, पण फ्रिक्शन त्याच्या घरचं. टॉर्क तर तो रोज पान्यानं हातात धरत होता. पान एक्केचाळीसवर टॉर्कचं सूत्र होतं आणि त्यात एक साइन थीटा. हा कोण? तो अडला. अडला तिथं त्यानं पेन्सिलनं खूण केली आणि खालच्या इयत्तेत गेला. साइन दहावीच्या त्रिकोणमितीत सापडला. त्रिकोणमिती समरूप त्रिकोणांवर अडली. ते गुणोत्तरावर. गुणोत्तर अपूर्णांकावर. अपूर्णांक सहावीत. सहावीत सगळं समजलं, तिथं तो थांबला. मग पान बेचाळीस.

असं अख्खं पुस्तक त्यानं खोललं. चांगलं दीड वर्ष लागलं. जिनिंगला काम नसल्याचा तेवढा एक फायदा. आणि सगळे भाग कापडावर मांडून झाल्यावर तो तमन्नाला म्हणाला, "आता उलटं जाऊ." सहावीच्या छेदापासून वर. खालचा नट पक्का बसल्याशिवाय वरचा हातात घ्यायचा नाही. बाप संध्याकाळी एक प्रश्न विचारे. उत्तर बरोबर आलं तरी "काहून?" विचारे. त्या काहूनचं उत्तर आलं, की कापडावर त्या भागाशी शाईचा ठिपका. ठिपके कमरेपर्यंत चढले होते.

बाबूंनी कापड दोनदा वरपासून खालपर्यंत वाचलं. मग त्यांचं लक्ष मधोमध गेलं. सगळे बाण, गणिताचे, फिजिक्सचे, एका चौकोनातून वर जात होते. चौकोनात लिहिलं होतं: 'दहावी. विज्ञान पेपर.' त्याच्याशिवाय अकरावी सायन्सचं दार नाही. आणि तो चौकोन यज्ञेश्वरबाबूंनी निळ्या शाईनं मोडून त्याच्या जागी माशा टाळण्याचे उपाय बसवले होते.

तमन्ना दारात उभी होती. तिला बापाच्या चेहऱ्यावरून कळलं असावं. "बाबूजी," ती म्हणाली, "ते बदलते का?"

"बदलते," बाबू म्हणाले. आणि पायातल्या चपलांसकट तडक बाहेर पडले.

घरी प्रभावतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तीस-चाळीस वर्षं तुम्ही माझ्या साड्यांचे रंगसुद्धा असेच न विचारता आणले," त्या म्हणाल्या. "मी नेसले. पण ती पोरगी काहून नेसणार?"

दुसऱ्या दिवशी बाबू केंद्रशाळेत. दुरुस्ती होती, पुढच्या शुक्रवारपर्यंत. पण विज्ञान घ्यायचं तर प्रयोग आले, आणि या मुलीला प्रयोग येतात असं शाळेच्या विज्ञान शिक्षिकेनं लिहून सही केली पाहिजे. विज्ञान शिक्षिका रत्नप्रभाबाई. बाबू इथं नोकरीत असताना याच बाईंनी त्यांना एका स्पेलिंगसाठी अख्खं हजेरीपत्रक पुन्हा लिहायला लावलं होतं. खोट्या सहीचा विषयसुद्धा त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती.

"आणा मुलीला," बाई म्हणाल्या. "बघते."

शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत तमन्ना आली. वाहिद धुतलेला सदरा घालून मागच्या भिंतीला टेकून उभा. बाबूंना आत यायचं कारण नव्हतं, म्हणून ते दारात उभे राहिले, अर्धे आत.

बाईंनी टेबलावर बॅटरी, तारा आणि मापकं ठेवली. "ओहमचा नियम."

तमन्नानं मापकं फिरवून त्यांचे तारा अडकवायचे खिळे पाहिले, आणि बाप मशीन जोडतो त्या सावकाशीनं जोडणी केली. काटा हलला.

"हे प्रवाहाचं मापक एकापुढे एक जोडलंस, आणि हे दाबाचं दोन टोकांना. असं का?"

तमन्नानं जरा विचार केला. "गल्लीतून किती लोक जाते ते मोजाचं, तर गल्लीतच उभं राहा लागते बाई. अन् गल्लीले चढ किती आहे ते पाहाचं, तर हे टोक अन् ते टोक दोन्ही पाहा लागते."

रत्नप्रभाबाईंनी हातातला खडू खाली ठेवला. बावीस वर्षांत वर्गाकडून त्यांना याचं उत्तर 'पुस्तकात आहे म्हणून' असंच मिळालं होतं.

भिंगाचा प्रयोगही झाला. खिडकीबाहेरचा कडुलिंब उलटा होऊन पांढऱ्या भिंतीवर आला, पोरीनं पट्टी लावली, अंतर सांगितलं. बाबू दारात फुलत चालले होते. मग बाईंनी कपाटातून दोन बाटल्या काढल्या.

"आता आम्ल आणि आम्लारी. ओळखायचं कसं?"

तमन्नानं बाटल्यांकडे पाहिलं. "ते दिवाळीनंतर आहे बाई."

"काय दिवाळीनंतर आहे?"

"रसायन. दिवाळीनंतर."

"लिंबू!" दारातून बाबू कुजबुजले. "लिंबू सांग! लिंबू!"

"तुम्ही जरा गप्प राहता का?" बाई न वळता म्हणाल्या.

तमन्ना म्हणाली, "लिंबू आंबट राहते ते माहीत आहे. काहून राहते ते माहीत नाई. अजून आमी तिथं नाई आलो."

बाईंनी मागं उभ्या बापाकडे पाहिलं. "हे दिवाळीचं काय आहे?"

वाहिद पुढं आला. आधी हात पुसले, हात स्वच्छ होते तरी. "मॅडम, फिजिक्स मले थोडं समजते, मशीनमुळं. रसायन मले येत नाई. म्हून ते मांगं ठेवलं. दिवाळीनंतर जिनिंग सुरू होते, मी दिवसभर तिकडं. तंवर तिले वाचता येवो, गणित येवो, का तिचं तिनंच शिकाव. माही गरज पडू नाई."

बाईंनी दोन्ही बाटल्या कपाटात परत ठेवल्या. मग म्हणाल्या, "परीक्षा मार्चमध्ये आहे, तुमची दिवाळी मला चालेल. पण सही मला शुक्रवारच्या आत करायची आहे. जिनं परीक्षानळी हातात धरली नाही, तिनं प्रयोग केले असं मी लिहिणार नाही. रसायनाचे चार प्रयोग आहेत. सोमवार ते गुरुवार, मधल्या सुट्टीत रोज एक. करून दाखवेल, आणि का ते सांगेल, तर सही."

बाहेर आल्यावर बाबू वाहिदच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "झालं काम! चारच तर आहेत. पाठ करून टाकू दे. मी स्वतः म्हणून घेतो तिच्याकडून."

वाहिद थांबला. "पाठ नाई बाबूजी."

"अरे, चार दिवसांचा प्रश्न आहे! मग दिवाळीनंतर समजून घेऊ द्या आरामात."

"एक नट खोटा बसला का वरचे सारे खोटे बसते." एवढं म्हणून तो चालायला लागला. बाबू त्याच्या मागं. त्याच्या दोन पावलांना त्यांची तीन पडत होती. ह्या माणसाच्या हट्टापायी पोरीचं दार बंद होणार, आणि दाराला कडी आपण घातलेली, असं काहीसं त्यांच्या मनात चाललं होतं. त्यांनी त्या दिवशी प्रभावतीबाईंना रात्रीच्या जेवणात मीठ नसल्याचंसुद्धा सांगितलं नाही.

रविवारी सकाळी वाहिद रत्नप्रभाबाईंच्या घरी जाऊन उभा राहिला. सोबत तमन्ना, आणि काखेत गाठीच्या कापडाचा नवा तुकडा. बाबू वाटेत भेटले म्हणून बरोबर. खरं म्हणजे ते सातपासून त्या वाटेवरच होते.

बाई अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या. वाहिद म्हणाला, "मॅडम, एकच विचाराचं होतं. लिंबाच्या आंधी काय येते?"

"आधी म्हणजे?"

"मंजे आम्ल समजाले काय यावं लागते? अन् ते समजाले आणखी काय?"

बाई सांगायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. धडा सात शिकवताना धडा सहा झालेला असतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं. सहावा खरंच लागतो का, की नुसता आधी छापलाय, हे त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं. त्या पायरीवर बसल्या. "आयन," त्या म्हणाल्या. "आयन कळायला इलेक्ट्रॉन. त्याला अणूची रचना. ती आठवीत आहे." वाहिद अंगणात कापड पसरून लिहीत होता, तमन्ना बाण काढत होती. "मूलद्रव्यांचे गट?" बाईंनी स्वतःलाच विचारलं, आणि मान हलवली. "नाही, ते या चार प्रयोगांना लागत नाही. मोलसुद्धा नाही." तास झाला, दीड तास झाला. कापडावर रसायनाचं भलंमोठं पुस्तक सुटं होऊन पडलं, आणि त्यातून चार प्रयोगांना खरोखर लागणारे भाग निघाले पाच. त्यातले दोन तमन्नाला येत होते.

"तीनच?" बाबू ओरडले. "अरे तीन म्हणजे—"

"तीन पक्के," वाहिद म्हणाला. "बाकीचे दिवाळीनंतरच."

ते तीन बाईंनी शिकवले. तिथल्या तिथं, तुळशीजवळ, गोट्या आणि ज्वारीचे दाणे मांडून. वाहिद बाजूला बसून ऐकत होता, आणि "काहून?" पोरीला विचारायच्या ऐवजी त्यानं दोनदा बाईंनाच विचारलं. दुसऱ्या वेळी बाई आत जाऊन पुस्तक घेऊन आल्या.

सोमवारी लिटमसचा प्रयोग झाला. मंगळवारचा झाला, पण मदत करायला पुढे सरसावलेल्या यज्ञेश्वरबाबूंच्या हातून एक परीक्षानळी फुटली, आणि त्यांना उरलेले दोन दिवस व्हरांड्यात बसायचा हुकूम झाला. बुधवारी तमन्नाचं चुकलं. चुन्याची निवळी दुधाळ व्हायला हवी होती, ती झालीच नाही. व्हरांड्यात बाबूंनी खांब धरला. आतून बाईंचा आवाज आला, "का झाली नाही?" मग काचेला काच लागल्याचा आवाज. मग पोरीचा आवाज, "नळीचं बूच सैल आहे बाई. वायू बाहेरच चालला." बूच घट्ट बसलं, आणि निवळी पांढरी झाली.

गुरुवारी बाईंनी सही केली. खाली तारीख घातली, आणि तमन्नाला म्हणाल्या, "दिवाळीनंतर शनिवारी येत जा. उरलेलं इथंच खोलू." त्या 'खोलू' म्हणाल्या, हे बाबूंनी व्हरांड्यातून ऐकलं.

टपालावर बाबूंचा विश्वास नव्हता. शुक्रवारी ते कागद पोटाशी धरून एसटीनं अमरावतीला बोर्डाच्या ऑफिसात गेले, खिडकीवर दिले, पोच घेतली, पोच तीनदा वाचली आणि परतीच्या गाडीत ती पुन्हा वाचताना डोळा लागून, यवतमाळला गाडी बदलायची ती राहून, एक थांबा पुढं गेले.

पुढलं सगळं कापडाप्रमाणे झालं. त्या साली दिवाळी आणि ईद अगदी लागोपाठ आल्या. मलिकानं शेवयांचा डबा रत्नप्रभाबाईंकडे पाठवला आणि बाईंकडून चकल्या आल्या. मग आठ मशिनी सुरू झाल्या, वाहिद दिवसभर रुईच्या धुळीत, आणि तमन्ना एकटी वाचत बसे. आता संध्याकाळी ती त्याला रसायन सांगे, आणि तो विचारे, "काहून?" उत्तर बरोबर की चूक हे त्याला कळत नसे. पोरगी अडखळली का, तेवढं तो ऐके. संक्रांतीला ठिपके खांद्यापर्यंत आले, होळीला चौकोनापाशी. मार्चमध्ये पेपर. जूनमध्ये निकाल. विज्ञानात तिला गणितापेक्षा दोन मार्क जास्त होते, आणि यावर वाहिद थोडा नाराज दिसला.

यवतमाळच्या कॉलेजात अकरावी सायन्सची पहिली यादी लागली. तीत तमन्नाचं नाव नव्हतं. चार दिवस बाबूंना अन्न गोड लागलं नाही. वाहिद रोजच्यासारखा कामावर गेला. फक्त त्या चार दिवसांत त्यानं घरातली शिलाई मशीन, दाराची कडी, शेजारच्यांचा पंखा आणि बाबूंचं भिंतीवरचं घड्याळ, न सांगता, दुरुस्त केलं. दुसरी यादी लागली त्या दिवशी तिघं पहाटेच्या एसटीनं गेले. फलकाभोवती पोरापोरींची ही गर्दी. तमन्ना खांद्याखालून वाट काढत आत शिरली, आणि दोन मिनिटांनी बाहेर आली. एकोणिसावं नाव. तिनं बापाकडे पाहून मान डोलावली, तीही एकदाच, आणि कागदपत्रं घेऊन ऑफिसच्या खिडकीशी रांगेत जाऊन उभी राहिली.

दोघं समोरच्या टपरीवर बसले. बाबूंनी चहा सांगितला, बरोबर समोसेही सांगितले. वाहिद रांगेकडे बघत होता. रांग हळूहळू सरकत होती, तमन्ना पुढच्या मुलीशी काहीतरी बोलत होती, हसत होती. बाबूंना एकदम फार हलकं वाटलं. डोक्यात कॉलेजं, पदव्या, नोकऱ्या यांची नुसती गर्दी झाली. त्यांनी बशीतला चहा फुंकला.

"मिस्त्री, हे तर झालं. आता बारावी. तिचीही गाठ सोडवली तुम्ही. पण त्याच्यापुढं? डॉक्टर, इंजिनेर, का प्रोफेसर? काय ठरवलं तुम्ही पोरीचं?"

वाहिदनं कप खाली ठेवला.

"ते तिले विचारा ना बाबूजी, मले काहून विचारता?"